पाण्याला वेशीवर थोपवणारं रसायन

अंधाऱ्या खोलीत दोन कुप्या. दोन्हींत युरोपियमचा एकच क्षार, सारखाच घातलेला. एकीत साधं पाणी, दुसरीत जड पाणी, अलिबागजवळ थळच्या कारखान्यात बनतं तसलं. अतिनील दिवा लावला की पहिलीत जेमतेम लाली दिसते, दुसरी मात्र लालभडक. साध्या पाण्यात हा प्रकाश 0.11 मिलिसेकंदात ओसरतो, जड पाण्यात सुमारे 4 मिलिसेकंद टिकतो. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध थरथरत युरोपियमची ऊर्जा उजेड पडण्याआधीच शोषून घेतो. जड पाण्यातल्या बंधाला ते तितकंसं साधत नाही.

धातू असलेली औषधं घडवणाऱ्या आमच्या क्षेत्राची सगळी झटापट इथेच आहे. औषध रक्तातून फिरायचं तर ते पाण्यात विरघळलंच पाहिजे, पण आतल्या धातूला पाणी शिवता कामा नये. म्हणून धातूभोवती ‘डोटा’ या रेणूचं कडं घालतात. चार नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन त्याला धरून ठेवतात. तरी नववी जागा उरते आणि तिथे पाण्याचा एक रेणू येऊन बसतो. युरोपियम चमकायला हवं असेल तर तीही जागा बुजवावी लागते. गॅडोलिनियमच्या बाबतीत मात्र तोच पाहुणा हवा असतो, कारण त्याच्यामुळेच एमआरआयचं चित्र उठावदार होतं.

उजेडाच्या मर्यादा मी लपवणार नाही. दृश्य प्रकाश शरीरात काही मिलिमीटरच शिरतो. त्यामुळे ‘चमकणारं औषध’ अशा बातम्या जपूनच वाचाव्यात. युरोपियमची खरी कामगिरी रक्ताच्या चाचण्यांत आहे, नवजात बाळाच्या थायरॉइड तपासणीतसुद्धा. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते किरणोत्सारी ल्युटेशियम-177. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत ते तयार होतं. कडं तेच, त्याला गाठीच्या पेशी हुडकणारा पेप्टाइड जोडलेला. बीटा किरण जास्तीत जास्त दोनेक मिलिमीटर जाऊन गाठ जाळतात, आणि सोबतच्या गॅमा किरणांनी औषध कुठे पोचलं तेही कॅमेऱ्यात दिसतं. अर्धायुष्य 6.65 दिवस.

राजगडाच्या पायथ्याला, आमच्या गुंजवण्यात, एमआरआय सांगितलेल्या एका काकूंनी मला विचारलं, “फोटो डोक्याचा काढायचा, मग आधी किडनीसाठी रक्त कशाला घेतलं रे?” प्रश्न अगदी नेमका होता. सुटं गॅडोलिनियम विषारी असतं, ते कॅल्शियमच्या जागा बळकावतं. कड्यासकट ते लघवीवाटे निघून गेलं पाहिजे. मूत्रपिंड मंदावलं तर ते अंगात रेंगाळतं, आणि कडं नसलेल्या, सरळ साखळीच्या औषधांची पकड सुटू लागते. 2006 मध्ये कातडी कडक करणाऱ्या आजाराशी त्यांचा संबंध उघड झाला. युरोपने 2017 मध्ये त्यातल्या अनेकांचा वापर थांबवला.

तेव्हा घरातल्या कुणाला एमआरआयआधी कॉन्ट्रास्टचं, म्हणजे गॅडोलिनियमचं, इंजेक्शन सांगितलं, तर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, जुना रिपोर्ट सोबत न्या, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधीच सांगा, आणि औषध मॅक्रोसायक्लिक, म्हणजे कडं असलेलं, आहे का, हे बिनदिक्कत विचारा.