मृदंगाची धूम

मृदंगाला दोन तोंडं. उजवं शाईचं, डावं धुमेचं. शाई बोल सांगते. धुमेला कणीक लावलेली असते आणि तिचा आवाज कानाच्या आधी छातीला कळतो. नांदुरा तालुक्यातल्या आमच्या गावी मामा भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. सप्ताहात मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचो, तेव्हा धुमेची एकेक थाप खालच्या जमिनीतून अंगात यायची. तिथून उठून वेशीपर्यंत गेलं की निंबाला बांधलेल्या भोंग्यातून तेच भजन ऐकू यायचं, पण अर्धंच. महाराजांचा शब्द कळायचा, टाळ कळायचे, शाईचे बोलही कळायचे. धूम गायब.

मामांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘‘भोंग्याले धूम झेपत नाई बापू.’’ त्यांचं म्हणणं खरं होतं, त्यामागचं कारण मला पुष्कळ वर्षांनी समजलं. शंभर हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेतीन मीटरच्या जवळपास लांब असते. हातभर तोंडाच्या कर्ण्याला ती हवेत ढकलता येत नाही. भोंगा बनवलेलाच मुळी शब्द लांब पोचवण्यासाठी, आणि ते काम तो चोख करतो. धूम ऐकायची तर मोठा कोन असलेला स्पीकर हवा, आणि तो कोन हलवायला ताकदीचं मशीन हवं. आमच्याकडे अँप्लिफायरला मशीनच म्हणतात.

पुढे शिकायला खामगावला आलो. तिथे रेडिओ दुरुस्त करणारे एक काका होते. दुकान एवढंसं, दोन माणसं आत आली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. पण सप्ताह, लग्न आणि गणपतीसाठी लागणारी मशीनं ते स्वतः बांधायचे. कंपनीचं मशीन परवडत नाही अशा मंडळांना त्यांचाच आधार होता. संध्याकाळी कॉलेज सुटलं की मी तिथे. आधी नुसता बघायचो, मग सोल्डरिंग आयर्न हातात मिळालं.

त्या काळचा राजा म्हणजे २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर. दुकानात नुसतं ‘तीस-पंचावन्न’ म्हटलं तरी पुरायचं. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने साठच्या दशकात काढलेला हा जाड धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर १५ अँपिअर आणि ६० व्होल्टचा. त्याची टोपी म्हणजेच त्याचा कलेक्टर, म्हणून हीटसिंकवर बसवताना खाली अभ्रकाची चकती ठेवायची, दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट लावायची आणि स्क्रूला प्लास्टिकची बुशिंग घालायची. अभ्रकाला बारीकशी चीर असली तरी सगळा खेळ खलास. काका चकती उजेडासमोर धरून बघायचे आणि मगच बसवायचे.

अशा मशीनमध्ये आवाजाच्या लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो आणि खालचा अर्धा दुसरा. खरं तर दुसरा उलट्या जातीचा हवा, पण सिलिकॉनमधला तसा दणकट जोडीदार सुरुवातीच्या काळात मिळत नव्हता, मिळाला तर महाग. एच. सी. लिन या अभियंत्याने १९५६ मध्ये दोन्ही बाजूंना एकाच जातीचे ट्रान्झिस्टर लावून काम भागवणारी रचना प्रसिद्ध केली. लिन यांचं नाव काकांनी ऐकलेलं नसावं. पण त्यांच्या मळकट वहीत पेन्सिलीने काढलेलं सर्किट नेमकं तेच होतं. अशा वह्यांमधून गावोगाव किती मशीनं उभी राहिली असतील, याचा विचार मनात आला की मला त्या पिढीबद्दल फार आदर वाटतो.

ट्रान्सफॉर्मर मात्र रेडिओच्या दुकानात होत नसे. तो मोटर रिवायंडिंगवाल्याकडे. विहिरींवरचे पंप जळतात, म्हणून आमच्या जिल्ह्यात प्रत्येक बाजाराच्या गावी मोटर भरणारा असतोच, आणि मोटर भरतो त्याला ट्रान्सफॉर्मर भरणं अवघड नाही. हिशेब ठरलेला: कोअरच्या मधल्या भागाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढायचं, ४५ ला त्याने भागायचं, आलेला आकडा म्हणजे एका व्होल्टला लागणारे वेढे. दोन इंच बाय दोन इंचाच्या कोअरला पावणेदोनच्या आसपास येतात, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला चारशेच्या वर वेढे. हाताच्या चरकावर ते मोजत गुंडाळायचे, प्रत्येक थरानंतर कागद घालायचा, शेवटी कोअरच्या पट्ट्या ठोकून वार्निशमध्ये बुडवायचं. पट्ट्या सैल राहिल्या तर ट्रान्सफॉर्मर जन्मभर गुणगुणत राहतो.

पहिल्यांदा चालू करायचं ते सिरीज बल्ब लावूनच. शंभर वॅटचा पिवळा बल्ब मशीनच्या एका वायरीत ओवायचा. बटण दाबलं की बल्ब क्षणभर भकदिशी पेटतो, कारण कपॅसिटर भरत असतात. मग हळूहळू मंदावतो आणि त्याची तार नुसती लालसर राहते. ती लाली दिसली की काका खुर्चीला टेकायचे. बल्ब पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बाने जास्तीचा करंट अडवून धरल्यामुळे ट्रान्झिस्टर वाचलेले असतात. आता तारेचे बल्ब दुकानात सहज मिळत नाहीत आणि एलईडी इथे काही कामाचा नाही. मी काही जुने बल्ब जपून ठेवले आहेत.

त्यानंतरचं काम सगळ्यात नाजूक. एका ट्रान्झिस्टरने सोडलं आणि दुसऱ्याने धरलं, यांच्यामध्ये फट राहिली तर आवाजाला खरखर येते. मोठ्या आवाजात ती झाकली जाते, हळू आवाजात उघडी पडते. ती घालवण्यासाठी दोघांनाही थोडासा करंट कायम देऊन जागं ठेवावं लागतं. कमी दिला तर खरखर. जास्त दिला तर हीटसिंक तापते, तापली की करंट आणखी वाढतो आणि ट्रान्झिस्टर जळतो. म्हणून एक छोटा डायोड हीटसिंकला चिकटवायचा. ताप चढला की तो करंट खाली ओढतो. मीटरवर मिलिव्होल्ट बघत हा करंट ठरवणारा प्रीसेट केसभर फिरवायचा, थांबायचं, हीटसिंकवर पालथा हात ठेवायचा, पुन्हा केसभर. घाटावर बुलढाण्याला बसवलेलं माप घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याच्या मे महिन्यात चालेलच असं नाही. पारा पंचेचाळिशीला भिडतो तिथे हीटसिंक सव्वापट मोठीच घ्यावी.

माझं स्वतःचं पहिलं मशीन २२-०-२२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चाळीसेक वॅट देणारं होतं. प्लायवूडची बंद पेटी केली, बारा इंची स्पीकर बसवला. पेटीच्या आत आवाज घुमू नये म्हणून काहीतरी भरावं लागतं. खामगाव म्हणजे कापसाचं गाव. जिनिंगमधून पिशवीभर रुई आणली आणि पिंजून भरली. आजही मला तिच्याहून चांगलं काही सापडलेलं नाही. मग भीमसेन जोशींच्या अभंगांची कॅसेट लावली. त्या खोलीत पखवाजाची डावी बाजू बोलली. गावाहून मामांना मुद्दाम बोलावून आणलं होतं. ते ऐकत बसले, मग उठून त्यांनी पेटीच्या फळीला हात लावला आणि म्हणाले, ‘‘आता आली.’’

मला वाटत होतं, ताकद वाढवली की आवाज मोठा होतो. काकांनी ते डोक्यातून काढलं. ‘‘आवाज मोठा कराले वॅट नाई लागत. थाप फाटू नये म्हनून लागते.’’ याचं गणित साधं आहे. बरा स्पीकर एका वॅटमध्येच खोली भरून टाकतो. ताकद दुप्पट केली तर तीन डेसिबलची भर पडते, ती जेमतेम जाणवते. आवाज कानाला दुप्पट वाटायला दसपट ताकद लागते. मग शंभर वॅट कशाला? गाणारा एका वॅटवर चाललेला असताना मृदंगावर थाप पडते आणि त्या क्षणापुरती दहा-वीस पट ताकद लागते. शिवाय फ्लेचर आणि मुन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की हळू आवाजात आपला कान खालचे सूर फार कमी ऐकतो, त्यांना जास्तीचा जोर द्यावा लागतो. मशीनजवळ तेवढी शिल्लक नसेल तर लाटेचा माथा कापला जातो आणि थापेचा फटका होतो. मोठा ट्रान्सफॉर्मर आणि मोठे कपॅसिटर हे गच्चीवरच्या टाकीसारखे आहेत. नळ बारीक सोडला तरी टाकी भरलेली हवी.

आमच्या भागात ती टाकी भरणंच कठीण होतं. नोकरी लागून मी गावाजवळ राहायला आलो, तेव्हा पंप चालू असताना घरात १७० व्होल्ट यायचे. २३० चे १७० झाले की मशीनची ताकद जवळपास निम्म्यावर येते. रात्री पंप बंद झाले की तोच काटा २५० च्या पुढे. म्हणून ट्रान्सफॉर्मरला १७०, २०० आणि २३० असे टॅप काढून घेतले, आणि दोन्ही बाजूंचे कपॅसिटर ८० व्होल्टचे घातले, कारण १७० च्या टॅपवर असताना वीज अचानक चढली तर ६३ व्होल्टचा कपॅसिटर फुटतो. पुस्तकातल्या कुठल्याच सर्किटमध्ये हे सांगितलेलं नसतं, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या भिंतीत वीज स्थिर होती.

आता माझ्याकडे आहे ते मशीन ३५-०-३५ व्होल्टचं, आठ ओहमला सव्वाशे वॅटच्या आतबाहेर देणारं. तोशिबाच्या २एससी५२०० आणि २एसए१९४३ या जोड्या त्यात आहेत. त्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणल्या. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण इलेक्ट्रॉनिक्सवाले जुन्याच नावाने ओळखतात. या ट्रान्झिस्टरच्या नकला बाजारात ढिगाने आहेत. वरचं नाव हुबेहूब, आत नखाएवढाही नसलेला सिलिकॉनचा तुकडा. एक फोडून बघितल्याशिवाय घाऊक घेऊ नये.

मशीनं मोठी झाली, तसा आवाजाचा प्रश्नही मोठा झाला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. मिरवणुकीत ट्रॉलीवर पेट्यांची भिंत उभी राहते तेव्हा हे आकडे कोणी विचारत नाही. जुन्या घरांच्या मातीच्या भिंतींतून पोपडे पडतात, तान्ही मुलं दचकतात, म्हातारी माणसं दार लावून घेतात. मी आयुष्यभर ज्या धुमेच्या मागे फिरलो ती तिथे भरपूर असते, पण मृदंग नसतो. ढोलकी कुठली, ताशा कुठला, काही वेगळं काढता येत नाही, कारण प्रत्येक लाटेचा माथा कापलेला असतो. स्पीकरच्या कॉइली जळतात त्याही बऱ्याचदा त्यामुळेच. मोठ्याच मशीनने जळतात असं नाही, शेवटापर्यंत पिळलेल्या छोट्या मशीननेही जळतात. डीजेवाल्या पोरांशी मी यावर बोलतो. त्यातली काही ऐकतात. त्यांचे हात चांगले आहेत. रात्रीतून मशीन उघडून उभं करणारी पोरं आहेत ती. त्यांना कोणी वॅट कशासाठी असतात ते सांगितलेलंच नाही.

तुमच्या गावातल्या देवळात किंवा समाजमंदिराच्या माळ्यावर असं एखादं घरी बांधलेलं जुनं मशीन धूळ खात पडलं असेल, तर ते भंगारात देऊ नका. ट्रान्झिस्टर गेले असतील, ते बदलता येतात. आतला ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक शंभरातल्या नव्वद वेळा शाबूत असतात, आणि मशीनची खरी किंमत त्या दोघांतच आहे. आज तेवढं तांबं घालून कोणी भरून देत नाही. कपॅसिटर मात्र नवे घाला, जुने आतून वाळलेले असतात. आणि पहिल्यांदा चालू कराल ते सिरीज बल्ब लावून.