केबिनचे भाडे आणि छप्पर नसलेला डबा

केंद्र सरकारच्या प्रवासभत्ता नियमांत समुद्रप्रवासासाठी एक छोटासा तक्ता आहे. मुख्य भूमीवरून अंदमान-निकोबारला किंवा लक्षद्वीपला शिपिंग कॉर्पोरेशनच्या जहाजाने जायचे असेल, तर वेतनस्तर 9 आणि त्यावरील अधिकाऱ्यास डिलक्स वर्ग, 6 ते 8 या स्तरांना ‘ए’ केबिन, 4 व 5 यांना ‘बी’ केबिन आणि 3 व त्याखालील कर्मचाऱ्यांना बंक. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै 2017 मध्ये निघालेल्या आदेशात ही उतरंड नोंदलेली आहे. तिच्यात विषमता आहे, हे उघडच आहे. पण एक प्रकारचा सरळपणाही आहे. तुमची पायरी ठरलेली, म्हणून तुमची खाट ठरलेली. तुमच्या मनात काय आहे, याचा ठाव घेण्याच्या फंदात सरकार पडत नाही.

बाजाराला ही सोय नाही. क्रूझच्या जहाजावर चढणाऱ्या माणसाच्या कपाळावर वेतनस्तर लिहिलेला नसतो. कोण किती पैसे मोजायला तयार आहे, हे कंपनीला त्याच्याच वागण्यातून काढून घ्यावे लागते. केबिनच्या दरांचा सारा पसारा त्यासाठी मांडलेला असतो.

या विषयात मी शिरलो तो ताईमुळे. माझी थोरली बहीण बडोद्याला असते. शाळेतून निवृत्त झाली, भावजी जाऊन बरीच वर्षे झाली. सिंगापूरहून पेनांग आणि फुकेतला जाऊन येणारी चार रात्रींची क्रूझ तिच्या एका मैत्रिणीने केली होती. ‘‘अरे, मला एकदा मोठ्या जहाजात बसायचंय,’’ एवढेच ती दूरध्वनीवर म्हणाली. आम्ही उभयतांनी तिच्यासोबत जायचे ठरवले, आणि अर्थशास्त्राच्या जुन्या विद्यार्थ्याला शोभेल अशा हौसेने मी तीन आठवडे रोज रात्री दर उतरवून घेऊ लागलो.

आतल्या, म्हणजे खिडकी नसलेल्या, केबिनचा दर शंभर धरला, तर खिडकीची केबिन साधारण सव्वाशे, बाल्कनीची दीडशे ते पावणेदोनशे आणि सुइट तीनशेच्या पुढे, असे माझ्या वहीतले सरासरी चित्र होते. जहाज एकच, बंदरे तीच, मुख्य भोजनगृह आणि नाट्यगृहही सर्वांना तेच. आतली आणि बाल्कनीची केबिन बांधण्याच्या, झाडण्याच्या खर्चात फरक असेल, पण दीडपटीचा खचितच नाही. मग हा फरक कशाचा?

याचे उत्तर एका फ्रेंच सरकारी अभियंत्याने 1849 साली देऊन ठेवले आहे. ज्यूल द्युप्युई हा रस्ते आणि पूल खात्यातला माणूस, म्हणजे एका अर्थाने आमच्याच जातकुळीचा. त्या काळी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्परही नसे. लोकांना वाटे की कंपनी गरिबांचा द्वेष करते किंवा काटकसर करते. द्युप्युईने दाखवून दिले की छपराला लागणारे चार पैसे वाचवण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या वर्गाचे भाडे ज्याला परवडते, त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये, एवढ्यासाठी तो डबा उघडा ठेवलेला होता. गरिबाला भिजवण्यात कंपनीला रस नव्हता. सुस्थिताला भिजण्याची भीती घालण्यात होता.

क्रूझवर पाऊस अंगावर येत नाही, पण चढण्याची लांब रांग असते, सुइटवाल्यांची रांग वेगळी असते, आणि काही मोठ्या जहाजांवर तर त्यांचे भोजनगृह, पोहण्याचा तलाव आणि डेकही वेगळा राखलेला असतो. सामान्य रांग जितकी कंटाळवाणी, तितका वेगळ्या रांगेचा भाव चढा. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला येथे थोडे अस्वस्थ व्हायला होते. तत्काळ आरक्षण किंवा तत्काळ पारपत्र या आपल्याही सोयी आहेत आणि त्यांची गरज आहे. पण साधी खिडकी मंद राहण्यात खात्याचा लाभ होऊ लागला, तर ते खाते आणि ती 1849 ची रेल्वे कंपनी यांत फरक राहत नाही.

आता काळानुसार बदलणाऱ्या दराकडे येऊ. आपल्या रेल्वेने सप्टेंबर 2016 मध्ये राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना फ्लेक्सी भाडे लावले. दर दहा टक्के जागा भरल्या की मूळ भाडे दहा टक्क्यांनी वाढायचे, दीडपटीच्या मर्यादेपर्यंत. उत्पन्न वाढले पण प्रवासी घटले, हे महालेखापरीक्षकांनी 2018 मध्ये दाखवले, आणि त्याच वर्षी मर्यादा 1.4 पटीवर आणून 15 गाड्यांतून योजना काढून घेण्यात आली. या शिडीला फक्त वर जाण्याच्याच पायऱ्या होत्या. क्रूझ कंपनीची शिडी दोन्ही दिशांनी चालते. शाळांच्या सुट्टीत दर चढतो, सुट्टी संपताच कोसळतो. प्रयाण जवळ आले आणि केबिन रिकाम्या दिसल्या की पुन्हा उतरतो. ‘गॅरंटी’ या भारदस्त नावाखाली विकल्या जाणाऱ्या केबिनमध्ये तर हमी फक्त प्रकाराची असते. नेमकी कोणती केबिन मिळेल ते कंपनी ठरवते. ज्याची उरलेली खोली, त्याला थोडी सूट, असा तो व्यवहार.

रिकामी केबिन कंपनीला खुपते, त्याचे कारण भाड्यात नाही. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नाचा साधारण एक तृतीयांश भाग जहाजावरच्या खर्चातून येतो: मद्य, कॅसिनो, बंदरावरच्या सहली, छायाचित्रे, इंटरनेट. त्यामुळे स्वस्तात चढलेला प्रवासीही न चढलेल्यापेक्षा बरा. एकाच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाचे भाडे बहुधा कमी असते, तेही यामुळेच.

आणि ताईचे दुःख येथेच होते. केबिन दोन माणसांची गृहीत धरलेली असते. एकट्याने घेतली तर बहुतेक वेळा जवळजवळ दोघांचे भाडे पडते. व्यापारी तर्क निर्दोष आहे. एकटे माणूस एकाचेच पेय पिते आणि एकाचीच सहल विकत घेते. नॉर्वेजियन कंपनीने 2010 साली ‘एपिक’ या जहाजावर एकट्यांसाठी छोट्या केबिन बांधल्या, आणि पुढे इतर काही कंपन्यांनीही तसे केले. पण आम्ही पाहत होतो त्या जहाजावर ती सोय नव्हती. विधवा, घटस्फोटिता, अविवाहित, अशा किती जणींना हा दर दारातूनच परत पाठवत असेल! त्यांना जहाजबंदी कोणी केलेली नाही, पण दरपत्रकाने ते काम परस्पर होते.

जाहिरातीतला आकडा पुरा नसतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच. बंदरशुल्क वर असते, आणि मोठ्या कंपन्या दरडोई दर रात्रीची बक्षिशी आपोआप बिलात घालतात. उपाहारगृहांनी सेवाशुल्क सक्तीने लावू नये, असे मार्गदर्शन आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरले. परदेशी जहाजावर त्याचा उपयोग नाही.

मग जास्तीचे पैसे द्यावेत का? माझे मत असे, की बाल्कनीची किंमत रात्रींनी भागू नये, उजेडी आणि रिकाम्या तासांनी भागावी. चार रात्रींच्या फेरीत दोन दिवस बंदरावर जातात, रात्री काळोख असतो, जेवणे आणि कार्यक्रम बाहेर. उरलेला तास फार महाग पडतो. नॉर्वेच्या खाड्यांत किंवा अलास्कात, जेथे किनारा दिवसभर डोळ्यांसमोरून सरकत राहतो, तेथे हाच हिशेब उलटा होईल. ज्याला बोट लागते त्याने तर जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची केबिन घ्यावी. तेथे हेलकावा कमी आणि बहुधा दरही कमी. महाग ते सुखकर, हे समीकरण समुद्राला मान्य नाही.

संपूर्ण जहाजच उंची असेल, तर गोष्ट थोडी निराळी. जहाजाचे ग्रॉस टनेज हे वजन नसून आकारमानाचे माप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागले की दरडोई ऐसपैसपणा कळतो. 2024 मध्ये प्रवासास निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चे टनेज सुमारे 2,48,000 आणि केबिनमागे दोन धरून प्रवासी 5,600, म्हणजे दरडोई 44. ‘सीबोर्न एन्कोर’चे सुमारे 41,800 आणि प्रवासी 600, म्हणजे जवळजवळ 70. येथे पैशाच्या बदल्यात खरोखरीची जागा मिळते, कुंपणापलीकडे जाण्याचा नुसता परवाना नव्हे. मात्र अशा भाड्यात मद्य बहुधा धरलेलेच असते. वरणभात शोधणाऱ्या आणि पेल्याला न शिवणाऱ्या आपल्या कुटुंबाने तेथे जाणे म्हणजे शेजारच्या टेबलाचे बिल भरणे.

ताईसमोर मी दोन पर्याय मांडले. आमच्याच केबिनमध्ये तिसरी खाट, अत्यंत स्वस्त. किंवा स्वतंत्र आतली केबिन, दुप्पट भाड्याने. माझा कल कोणीकडे होता, ते वेगळे सांगायला नको. तिने कागद पाहिला, चष्मा काढला आणि स्वतंत्र केबिन घेतली, स्वतःच्या निवृत्तिवेतनातून. माहेरी आम्ही पाच भावंडे, सासरी एकत्र कुटुंब, पुढे मुलाच्या घरी नातवंडांची खोली. आतून कडी लावता येईल अशी स्वतःची खोली तिच्या वाट्याला आलीच नव्हती, हे माझ्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नव्हते.

आम्ही उभयतांनी बाल्कनी सोडली आणि तिच्या शेजारची आतलीच केबिन घेतली. जाण्याच्या सकाळी मी सहज विचारले, खिडकी नाही, चालेल ना?

‘‘खिडकी कशाला? समुद्र बघायला वर येईन की,’’ ती म्हणाली. ‘‘आणि दुसऱ्या माणसाचे पैसे भरलेत, तेव्हा दुसऱ्या खाटेवर माझ्या साड्या पसरून ठेवणार आहे.’’