सहाच्या जेवणाला

नेदरलँड्समधल्या आइंडहोवन आणि फेल्डहोवन या दोन गावांच्या शिवेवर होवनरिंग नावाचा सायकलींचा पूल आहे, 2012 सालचा. 70 मीटर उंच एकच खांब, त्याला 24 तारा आणि त्या तारांवर तोललेलं एक भलंमोठं गोल कडं. खालून मोटारी जातात, वरून आम्ही सायकलवाले. ऑफिसातून घरी येताना रोज मी त्या कड्यावरून अर्धा फेरा घेते. मागच्या ऑक्टोबरात, साडेपाचच्या सुमाराला, माझ्यापुढे दोन सायकली जोडीनं चालल्या होत्या. दोघांचा एकेक हात हँडलवर, उरलेले दोन एकमेकांत. इथली पोरं अशी सायकल चालवतात, वर्षानुवर्षं बघत आलेय. त्या दिवशी मुलीच्या अंगातला पिवळा रेनकोट ओळखीचा निघाला. मी ब्रेक दाबला. हाक मारली नाही. दोघं उतारावरून झाडांआड जाईपर्यंत एक पाय जमिनीला टेकून उभी राहिले.

लेक माझी तेव्हा साडेपंधरा वर्षांची.

रात्री भांडी आवरताना विचारलं, तर तिनं काही लपवलं नाही. ‘‘आमची फरकेरिंग आहे, आई. सहा आठवडे झाले.’’ फरकेरिंग म्हणजे दोघांनी एकमेकांना पसंत करून बरोबर असणं. लग्नाचं त्यात काही नाही आणि चोरीचंही नाही. आठ-नऊ वर्षांची पोरंसुद्धा शाळेच्या मैदानात हा शब्द वापरतात, आणि त्यांची ‘फरकेरिंग’ शुक्रवारपर्यंत मोडलेलीही असते. मी मराठीत उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अडले. मिरजेला आमच्या गल्लीत यासाठी शब्द होते ते लफडं, भानगड, प्रकरण. ‘तिचं काहीतरी चालू आहे.’ सगळे पोलीस चौकीच्या वहीत शोभावेत असे. जरा बरे शब्द घ्यावेत, ‘जमलं’, ‘ठरलं’, तर ते थेट मांडवाच्या दारात नेऊन सोडतात. मधल्या वाटेवर चालणाऱ्या पोरीशी बोलायला माझ्याजवळ शब्दच नव्हता, आणि शब्द नसला की माणूस आवाज चढवतो. मी चढवला. ती खोलीत निघून गेली.

नवऱ्यानं आकडा सांगितला : अठरा. आमच्या ओळखीच्या मराठी घरांत प्रत्येकाजवळ असा एक आकडा आहे. गणपतीच्या आरतीनंतर, प्रसादाच्या ताटल्या हातात घेऊन, आम्ही आया हे दबक्या आवाजात बोलतो. कुणी म्हणतं शाळा संपल्यावर, कुणी म्हणतं युनिव्हर्सिटीचं पहिलं वर्ष पार पडल्यावर, कुणी नोकरी लागल्यावर. आकड्याचा एक मोठा आधार असतो. तो एकदा सांगितला की तोवर बोलावं लागत नाही.

पण आमच्याच घरात तो आकडा टिकला नाही. थोरला आता डेल्फ्टला शिकतो. तो सतरा वर्षांचा असताना त्याच्या वर्गातली एक मुलगी आमच्याकडे येत असे. आम्ही तिला कांदेपोहे खाऊ घातले, तिच्या आईवडिलांची चौकशी केली, झालं. दुसऱ्या दिवशी लेकीनं शांतपणे विचारलं, ‘‘दादाच्या वेळी अठरा कुठं होते?’’ नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी ओट्याकडे.

त्या प्रश्नानं मी रात्रभर जागी होते. मुलीला वेगळा न्याय लावला, हे तर दिसतच होतं. त्याहून मोठी चूक पहाटेकडे ध्यानात आली. मुलाशी आम्ही काहीच बोललो नव्हतो. समोरची नको म्हणाली तर थांबायचं, ती गप्प बसली तर ते ‘हो’ समजायचं नाही, नातं मोडलं तर तिच्याबद्दल मित्रांत वाईट बोलायचं नाही, यातलं एकही वाक्य आमच्या तोंडून गेलं नव्हतं. ‘मुलगा आहे, त्याचं काय बिघडणार’ असं आपण म्हणतो, तेव्हा दुसऱ्याच्या लेकीचं काय बिघडेल हे आपण मनात आणलेलंच नसतं. रविवारी मी त्याला फोन केला आणि उशिरा का होईना, हे सगळं बोलले. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘‘यातलं बरंचसं शाळेत शिकवलंय, आई. पण तू बोललीस ते बरं केलंस.’’

शाळेत शिकवतात हे खरं आहे. दर वसंतात इथल्या कितीतरी प्राथमिक शाळांत ‘लेंटेक्रीबल्स’ नावाचा आठवडा असतो, म्हणजे वसंतातल्या गुदगुल्या. लेक लहान असताना त्याचं पत्र घरी आलं तेव्हा मी धास्तावले होते. वर्गात जाऊन बघितलं तर बाई मुलांना विचारत होत्या : कुणी मिठी मारलेली तुला आवडते? कुणी मारलेली नाही आवडत? नाही आवडली तर काय म्हणशील? मुलं एकेक करून उठून मोठ्यानं ‘नको’ म्हणून दाखवत होती. आमच्या पिढीत पाहुण्या काकांच्या मांडीवर बसायला नको म्हणणाऱ्या मुलीला आगाऊ म्हणत.

डचांना हे सगळं उपजत येतं असं मला वर्षानुवर्षं वाटे. ते खोडून काढलं शेजारच्या आजींनी. आमचा ब्राबांट प्रांत जुना कडवा कॅथलिक. आजी बारा भावंडांतल्या. पाळण्यात नवं बाळ दिसलं नाही तर पाद्री घरी येऊन का म्हणून विचारी, असं त्या सांगतात. 1963 साली डेन बॉसचे बिशप बेकर्स टीव्हीवर बोलले, की मुलं किती हवीत हे नवराबायकोनं आपल्या सदसद्विवेकाला विचारून ठरवावं. आजींच्या घरी त्या संध्याकाळी कुणी जेवणाचा घास उचलला नाही म्हणे. ‘‘माझी आई तुझ्या आईसारखीच होती,’’ त्या मला म्हणाल्या. म्हणजे दोन पिढ्यांत इथलं घर बदललं, आणि ते माणसांनी बोलून बोलून बदललं.

प्रेमाच्या बाबतीत डच पालक एक शब्दप्रयोग करतात : ‘एर आन तू झाइन’. एखाद्या गोष्टीपाशी आपण येऊन पोचलोय, असं स्वतःला वाटणं. आपल्याकडे मुलगी ‘वयात येते’, ते शरीराचं झालं. मग ती ‘लग्नाची होते’, ते इतरांनी ठरवायचं. ‘मी पोचलेय की नाही’ हे तिनं स्वतः सांगायची सोय आपल्या बोलण्यात नाही. एमी शालेट या अभ्यासक बाईंनी डच आणि अमेरिकन आईबापांशी बोलून ‘नॉट अंडर माय रूफ’ हे पुस्तक लिहिलं, 2011 मध्ये. नावाप्रमाणे अमेरिकन पालक म्हणतात, माझ्या छपराखाली नको. डच पालक मुलांच्या जोडीदाराला घरात घेतात, ओळख करून घेतात, आणि तसं करूनच मुलांवर लक्ष ठेवतात. ते मोकाट सोडतात हा आपला समज साफ चुकीचा आहे.

तरीही सगळं मला पटत नाही. नाताळच्या सुट्टीआधी त्या मुलाच्या आईचा फोन आला. लेक त्यांच्याकडे एक रात्र राहिली तर चालेल का? फार सरळ मनानं विचारत होत्या. मी नाही म्हटलं. संमतीचं वय इथं 16 आहे, भारतात 18, हे मला माहीत आहे, पण मी कायद्यामागे लपले नाही. म्हटलं, ती अजून पोचलेली नाही असं मला वाटतं, तिला विचारलं तर तिलाही खात्री नाही. पोचली तरी आमच्या घरात रात्रीचा प्रश्न वेगळा राहील. त्या म्हणाल्या, ‘‘समजलं.’’ एवढंच. काही महिन्यांनी लेक सोळाची होईल. मग डॉक्टरांकडे ती मला न सांगता जाऊ शकेल, तिचं बोलणं ते मला सांगणार नाहीत. गर्भनिरोधक गोळ्यांचा खर्च 21 वर्षांपर्यंत मूळ विम्यातच आहे. हे माझ्या मनाला लागतं. आईपणाचा एक कोपरा कुणी न विचारता काढून घेतल्यासारखं वाटतं. मिरजेतल्या किती मुलींना असा दवाखाना हवा होता, हेही त्याच वेळी आठवतं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी मी त्या मुलाला जेवायला बोलावलं. डच वेळेप्रमाणे सहाला. सहाला दोन मिनिटं कमी असताना तो दारात उभा, कान थंडीनं लाल, हातात ट्यूलिपची जुडी. वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. त्यानं दुसऱ्यांदा वरण मागितलं. तिसऱ्यांदा नवरा वाढायला लागला तेव्हा लेक त्याला डचमध्ये म्हणाली, नको असेल तर नको म्हण, इथं कुणी आपणहून थांबत नाही.

तेवढ्यात आईचा फोन आला. तिकडे साडेदहा वाजून गेलेले. ‘‘कोण जेवतंय गं तुमच्यात?’’ मी उठून जिन्याच्या पायरीवर बसले. मित्र म्हणावं तर खोटं, बाकीचे शब्द तिच्याच गल्लीतले. कसंबसं सांगितलं, की हिला एक मुलगा आवडतो, दोघं भेटतात, आज घरी बोलावलंय.

आई बराच वेळ बोलली नाही.

‘‘मन जडलंय म्हण की,’’ ती म्हणाली. ‘‘आणि पोरगी तुला सगळं सांगते?’’

‘‘विचारलं तर सांगते.’’

‘‘मग विचारत जा. ओरडू नकोस. जा, ताटावरून उठून आलीस ती.’’