बुडालेलं जहाज आणि वीतभर मुलगा

स्टॉकहोमच्या बसमध्ये बाबागाडी घेऊन चढणाऱ्या माणसाला तिकीट पडत नाही. बाळाला तर नाहीच, पण गाडी ढकलणाऱ्या मोठ्या माणसालाही नाही. माझ्या नणंदेने याचं कारण सांगितलं ते अगदी साधं होतं. तिकीट दाखवायला ड्रायव्हरपाशी जायचं, तर तेवढा वेळ बाळ मधल्या दाराशी एकटं राहणार. ते राहू नये म्हणून ही सूट. बस थांबली की फुटपाथच्या बाजूला जराशी झुकते, मधलं दार उघडतं, गाडी अलगद आत जाते. आत बाबागाड्यांसाठी राखलेली मोकळी जागा असते. एवढ्या मोठ्या राजधानीच्या वाहतुकीचा नियम करताना कुणीतरी दोन मिनिटं एकट्या पडणाऱ्या बाळाचा विचार केला, याचं मला पहिल्याच सकाळी फार अप्रूप वाटलं, आणि मुक्काम संपेपर्यंत ते वाढतच गेलं.

आम्ही गेलो होतो जूनमध्ये. लेकीची चौथीची परीक्षा संपलेली, धाकटा पाच वर्षांचा, आणि सोबत माझ्या सासूबाई, म्हणजे आई. नणंद शिस्ता भागात राहते. तिथे मोठ्या टेलिकॉम कंपन्या आहेत आणि त्यामुळे आपली माणसंही भरपूर. बागेत मराठी कानावर पडली की आईंचा चेहरा फुलायचा. पण त्यांना खरा धक्का दिला तो त्यांच्याच जावयाने. नणंद रोज सकाळी ऑफिसला जात होती आणि जावई बाळाला घेऊन घरी होते, तेही पगारी रजेवर. स्वीडनमध्ये एका मुलामागे आईबापांना मिळून 480 दिवसांची भत्त्यासह रजा मिळते. त्यातले 90 दिवस आईचे आणि 90 बापाचे राखीव. ते एकमेकांना देता येत नाहीत. बापाने घेतले नाहीत तर वाया जातात. बागेत, बसमध्ये, कॉफीच्या दुकानात एका हाताने बाबागाडी हलवणारे, दुधाच्या बाटल्या सांभाळणारे बाप पाहून आई पहिल्या दिवशी गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी जावयाने बाळाचं लंगोट बदललं तेव्हा म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी पोरांना कडेवर घेतलं ते त्यांना चालता यायला लागल्यावर." तक्रार नव्हती त्यात. हिशेब मांडल्यासारखं म्हणाल्या आणि जावयाला स्वतःच्या हाताने चहा करून दिला.

शहर चौदा बेटांवर वसलेलं आहे. मेलारेन नावाचं गोड्या पाण्याचं प्रचंड तळं जिथे बाल्टिक समुद्राला मिळतं, बरोबर त्या तोंडावर. त्यामुळे कुठूनही कुठे जाताना पूल लागतो किंवा बोट लागते. मुलांना आणखी काय हवं? जमिनीखाली गेलात तर मेट्रो, आणि ती तर गुहाच. स्टेशनं खडक फोडून केलेली आहेत आणि कित्येक ठिकाणी तो खडक तसाच ओबडधोबड ठेवून वर रंग दिला आहे. शंभर स्टेशनांपैकी नव्वदांहून अधिक स्टेशनांवर कलाकृती आहेत. मधल्या टी-सेंट्रालेन स्टेशनावर पांढऱ्या छतावर गर्द निळ्या वेली चढल्या आहेत. पेर उलोफ उल्तवेद या चित्रकाराने 1975 साली त्या काढल्या, आणि त्याच निळ्या रंगात, त्याच भिंतींवर, स्टेशन बांधणाऱ्या कामगारांच्या आकृतीही रंगवल्या: कुणी हातोडा उगारलेला, कुणी वाकून काम करणारा. उद्घाटन करणाऱ्या मंत्र्याची पाटी शोधायची आपल्याला सवय; इथे लेकीने गवंडी, वेल्डर, रंगारी शोधून काढले आणि आमच्या दोन गाड्या सुटल्या तरी ती हलेना.

गामला स्तान हा जुना भाग. तिथे राजवाडा आहे, सहाशेंहून अधिक खोल्यांचा. दुपारी पहारा बदलण्याचा सोहळा असतो, बँड वाजतो, गर्दी लोटते. तो पाहिला, चांगला होता, त्याबद्दल इतकंच. त्या राजवाड्यासमोरच फिनिश चर्च आहे आणि चर्चच्या मागे एक छोटंसं अंगण. तिथे एक मुलगा बसला आहे, लोखंडाचा. गुडघे पोटाशी घेतलेले, दोन्ही हात गुडघ्यांभोवती, मान वर, चंद्राकडे. उंची वीतभरसुद्धा नाही. लिस एरिक्सन या शिल्पकाराचं हे काम. स्टॉकहोममधलं हे सगळ्यांत लहान सार्वजनिक शिल्प. त्याचं डोकं हजारो हातांनी कुरवाळून गुळगुळीत झालंय. पुढ्यात नाणी, गोळ्या, चॉकलेटं. थंडीत अनोळखी माणसं त्याच्यासाठी लोकरीची टोपी नि मफलर विणून आणून घालतात. आम्ही गेलो तेव्हा उन्हाळा होता, तरी कुणीतरी त्याच्या गळ्यात बोटभर रुंदीचा मफलर गुंडाळला होता. धाकटा त्याच्यासमोर तसाच गुडघे पोटाशी घेऊन बसला. शहरातल्या सगळ्या पुतळ्यांत हा एकटाच असा, की त्याला पाहायला मोठ्या माणसांना खाली वाकावं लागतं आणि पाच वर्षांच्या मुलाला नाही.

स्लुसेनच्या धक्क्यावरून बोटीने दहा मिनिटांत यूरगॉर्डेन बेट. मुलं घेऊन जाणाऱ्यांनी या बेटाला जितके दिवस देता येतील तितके द्यावेत. 1891 साली सुरू झालेलं स्कान्सेन हे उघड्यावरचं संग्रहालय इथेच आहे. देशभरातली जुनी घरं उचलून आणून मांडलेली, शेजारी अस्वलं आणि मूस. आम्ही तिथेही गेलो. पण मला सांगायचंय ते वासा जहाजाबद्दल.

त्याच्या संग्रहालयाचं दार ढकलून आत गेलो आणि अंधारात डोळे सरावेपर्यंत काही कळलंच नाही. मग दिसायला लागलं. काळपट ओकाच्या लाकडाचं 69 मीटर लांबीचं अख्खं जहाज, शिडाच्या काठ्यांसकट, आमच्या डोक्यावरून वर वर गेलेलं. मागच्या अंगाला कोरीव कामाची नुसती दाटी: सिंह, देवदूत, रोमन वीर, जलपऱ्या. तोफांच्या झरोक्यांच्या झडपांवर आतल्या बाजूने जबडा वासलेली सिंहमुखं, म्हणजे तोफा बाहेर काढायला झडपा उघडल्या की शत्रूला ती सगळी एकदम दिसावीत. जवळून पाहिलं तर एकाही सिंहाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. एकाची जीभ बाहेर, एकाचं नाक चपटं. जवळजवळ सगळं मूळ लाकूड आहे, 1628 सालचं. लेकीने बोटांवर हिशेब केला आणि ओरडलीच, "आजी, हे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दीड वर्ष आधीचं आहे!"

राजा गुस्ताव अडॉल्फ दुसरा याचं हे सगळ्यांत दिमाखदार युद्धजहाज. तोफांचे दोन मजले, एकूण 64 तोफा. 10 ऑगस्ट 1628 रोजी संध्याकाळी पहिल्या सफरीवर निघालं. काठावर गर्दी, परदेशांचे वकील हजर. खलाशांनी बायकामुलांनाही बरोबर घेतलं होतं. पुढच्या बेटांपर्यंत त्यांना परवानगी होती. सलामीच्या तोफा झाल्या. वाऱ्याचा एक झोत आला, जहाज कललं, सावरलं. दुसऱ्या झोताने कललं ते तोफांचे खालचे झरोके पाण्याखाली गेले. जेमतेम तेराशे मीटरच्या प्रवासानंतर, स्वतःच्याच बंदरात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते बुडालं. तीसेक माणसं गेली.

आमच्याबरोबर आठ-दहा मुलांचा घोळका होता आणि संग्रहालयाची एक तरुण मार्गदर्शक. ती मुलांशी बोलताना दर वेळी उकिडवी बसायची. तिने विचारलं, "कुणाची चूक?" मुलं बोलायला लागली. वारा! कप्तान! मग तिने एकेक गोष्ट समोर ठेवली. पाण्याच्या वर लाकूड आणि तोफांचं वजन फार, खाली तळाशी तोल धरणारे दगड ठेवायला जागा कमी. जहाज बांधणारा मुख्य कारागीर काम चालू असतानाच वारला. निघण्याआधी तोल पाहण्यासाठी तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं, तीन फेऱ्यांतच जहाज इतकं झुलायला लागलं की नौसेनापतीने चाचणी थांबवली, कारण पुढची फेरी झाली तर ते धक्क्यालाच उलटलं असतं. राजा लढाईवर, दूर. तिथून जहाज लवकर पाठवा म्हणून त्याचा तगादा. आणि एक गोष्ट तर मुलांना फारच भावली. आत सुतारांच्या चार फूटपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटांच्या, दोन ॲम्स्टरडॅमच्या फुटांच्या. एका फुटात बारा इंच, दुसऱ्यात अकरा. एकाच जहाजावर सुतार दोन वेगवेगळ्या मापांनी काम करत होते.

"मग तीस माणसं पळाली तेव्हा राजाला कुणी का नाही सांगितलं?" माझी लेक तिच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली.

मार्गदर्शक तिच्याकडे वळली. म्हणाली, हाच प्रश्न चौकशीतही होता. जहाजाची मापं राजाने मंजूर केली होती. राजाला कोण दोष देणार? शेवटी कुणालाच शिक्षा झाली नाही.

एक राजधानी आपली सर्वांत मोठी फजिती बाहेर काढते, उजळते, तिच्यासाठी इमारत बांधते आणि देशातल्या मुलांना आणून विचारते, सांगा कुणाचं चुकलं! अठरा वर्षांपर्यंत प्रवेशसुद्धा फुकट. आपण मुलांना गडांवर नेतो, नेलंच पाहिजे, तिथे जिंकल्याच्या गोष्टी सांगताना आपला ऊर भरून येतो. हरल्याची गोष्ट मात्र आपण हळहळून सांगतो, कारणं काढून मुलांच्या हातात देत नाही. इथे ती दिली जात होती आणि मुलं तीवर हमरीतुमरीने वाद घालत होती. त्यात राजाची किंवा देशाची अप्रतिष्ठा झाली असं एकाही चेहऱ्यावर दिसत नव्हतं. मला ते पाहून भरून आलं.

बाहेर काढण्याची कथाही तितकीच विलक्षण आहे. बाल्टिकचं पाणी फार खारट नाही. आपल्या समुद्रात लाकूड पोखरून चाळण करणारे किडे तिथे जगत नाहीत. म्हणून 333 वर्षं लाकूड टिकलं. आंदेर्स फ्रान्सेन या माणसाने जुनी कागदपत्रं चाळत, पाण्यात शोध घेत 1956 साली ते हुडकलं. मग पाणबुड्यांनी काळ्याकुट्ट गाळात जहाजाच्या पोटाखालून सहा बोगदे खणले, त्यांतून पोलादी दोर ओवले आणि 24 एप्रिल 1961 रोजी वासा पाण्यावर आलं. सुकताना लाकूड तडकू नये म्हणून पुढची सतरा वर्षं त्यावर मेणासारख्या रसायनाचे फवारे चालू होते. खालच्या मजल्यावर बुडालेल्या माणसांचे सांगाडे आहेत आणि कवट्यांवरून घडवलेले त्यांचे चेहरे. इतकी वर्षं पुरुष समजल्या गेलेल्या एका सांगाड्याच्या डीएनएवरून ती बाई होती, हे 2023 मध्ये कळलं. आई त्या चेहऱ्यांपाशी बराच वेळ थांबल्या. धाकट्याला सांगाडे पाहायचे होते. मी क्षणभर बिचकले. पण तिथली त्याच्याएवढी मुलं शांतपणे पाहत होती, म्हणून त्याला उचलून दाखवले.

मुलांना असं बरोबरीने वागवणाऱ्या या देशाने 1979 साली मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली, अगदी आईबापांनासुद्धा, जगात पहिल्यांदा. कायदा घरोघरी कळावा म्हणून दुधाच्या खोक्यांवर त्याची माहिती छापली होती. त्याच्या आदल्या वर्षी फ्रँकफर्टला पुरस्कार घेताना मुलांवर हात उचलू नका असं कळकळीने सांगणारी लेखिका म्हणजे आस्त्रिद लिंदग्रेन. जगातली सर्वांत दांडगट, सर्वांत उदार मुलगी जी पिप्पी, ती हिचीच. वीस क्रोनरच्या नोटेवर आज लिंदग्रेनबाई आणि पिप्पी आहेत.

वासापासून चालत जाण्याच्या अंतरावर यूनिबाकेन आहे, मुलांच्या पुस्तकांचं घर. आत पिप्पीचं वाकडंतिकडं घर आणि एक गोष्टींची गाडी. छोट्याशा डब्यात बसायचं, तो अधांतरी तरंगत लिंदग्रेनच्या एकेका पुस्तकातल्या देखाव्यावरून जातो. त्या गाडीसाठीचं निवेदन म्हातारपणी तिने स्वतःच लिहिलं. आम्ही इंग्रजी निवडलं आणि लेक आजीच्या कानात मराठीत सांगत होती. खोडकर एमिल झाला, छतावरचा कार्लसन झाला, आणि शेवटी सिंहहृदय बंधू आले. धाकटा भाऊ आजारी आहे, मरणार आहे. घराला आग लागते. थोरला त्याला पाठीवर घेऊन उडी मारतो आणि थोरलाच आधी जातो. मग दोघे पलीकडच्या देशात भेटतात, जिथे एक भयंकर राक्षसीण आहे आणि तिच्या तोंडातून आग येते. काळोखात ती खरंच फूत्कारली. माझा हात आपोआप धाकट्याच्या डोळ्यांकडे गेला. त्याने तो बाजूला सारला.

उतरल्यावर त्याने पहिलं विचारलं, "तो दादा मेला का?"

मी काहीतरी गोड जुळवायला लागले होते. पण त्याआधीच आई म्हणाल्या, "हो बाळा, मेला. भावाला वाचवताना मेला."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "परत बसायचं?" रांग लांब होती. लेक म्हणाली, या वेळी मी राक्षसिणीच्या बाजूला बसणार. त्यावरून दोघांचं जुंपलं, आणि आई पदर खोचून आमच्या आधी रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.