विनातारण विश्वासाची वास्तू

सॅन फ्रान्सिस्को शहरात खाडीच्या काठाने एम्बार्काडेरो नावाचा प्रशस्त रस्ता जातो. बे ब्रिजच्या दक्षिणेला त्या रस्त्यावर भूमध्यसागरी धाटणीची एक देखणी वास्तू उभी आहे. खाली व्यवसायांचे गाळे, वर निवासाच्या खोल्या, मध्ये अंगण. एखाद्या श्रीमंत वसाहतीचा भास व्हावा, अशी तिची ठेवण. प्रत्यक्षात ती बांधली आहे तेथे राहणाऱ्यांनीच, आणि राहणारे बहुतेक सारे वर्षानुवर्षे व्यसनात बुडालेले व तुरुंगवास भोगलेले. बांधकामासाठी एका मोठ्या बँकेने त्यांच्या संस्थेला विनातारण कर्ज दिले होते. बँकव्यवहाराची थोडी जाण असलेल्या कोणालाही हे वाचून चष्मा पुसावासा वाटेल!

डिलॅन्सी स्ट्रीट ही ती संस्था. जॉन मेहर या पूर्वाश्रमीच्या हेरॉइनच्या व्यसनी तरुणाने ती १९७१ मध्ये सुरू केली. लवकरच मिमी सिल्बर्ट या गुन्हेगारीशास्त्राच्या अभ्यासक तिच्या सूत्रधार झाल्या. न्यूयॉर्कमधील ज्या वस्तीत स्थलांतरितांच्या पिढ्यांनी शून्यातून संसार उभे केले, तेथील रस्त्याचे नाव संस्थेला दिले गेले.

प्रवेश मागणारा प्रथम दाराजवळच्या बाकावर बसतो. त्याची मुलाखत घेतात ते आधीपासून राहणारे रहिवासीच. शुल्क नाही, पण किमान दोन वर्षे राहण्याचे वचन द्यावे लागते. बरेच जण त्याहून अधिक काळ राहतात. नशा, मारहाण आणि धमकी यांना थारा नाही. आरंभी झाडलोट करावी लागते. थोडे शिकलेल्याने मागून आलेल्याला शिकवायचे, ही तेथील रीत. बाहेर पडण्यापूर्वी शालेय शिक्षणाची परीक्षा आणि पोट भरता येईल असे तीन व्यवसाय, एवढी शिदोरी अपेक्षित असते.

व्यापारी कुटुंबांनी ध्यानात घ्यावा असा भाग म्हणजे संस्थेचे व्यवसाय. त्यांतील एक सामान हलविण्याचा. ज्याने कधीकाळी घरे फोडली असतील, त्याच्याच हाती गृहस्थ आपले कपाट आणि भांडीकुंडी सोपवतात. मिळकत सामायिक कोशात जाते. पगार कोणालाच नाही, सिल्बर्ट यांनीही तो घेतला नाही. उधारीवर विश्वास मिळवायचा आणि तो रोज थोडा थोडा फेडायचा, असा हा व्यवहार आहे.

आपल्याकडे मात्र महिनाभराच्या उपचारानंतर मुलगा सुधारला असे जाहीर होते. लगेच त्याला गल्ल्यावर बसवितात, कधी बोहल्यावरही चढवितात. पुन्हा घसरण झाली की घर लाजेने दार लावून घेते. दहा वर्षे मुरलेली सवय तीस दिवसांत फिटत नाही, हे हिशेबात मुरलेल्या घरांना कळू नये, याचे नवल वाटते. उठण्याची वेळ, खरे बोलणे, घेतलेले काम पुरे करणे, हे सारे नव्याने अंगी बाणवावे लागते, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

तो देऊनही हमी नसते. खुद्द जॉन मेहरला पुढे मद्याने गाठले आणि १९८०च्या दशकात तो संस्थेतून बाहेर पडला. १९८८ मध्ये त्याचे निधन झाले. काठावरची वास्तू पूर्ण झाली १९९० मध्ये.