परीस आणि टेंभरं

हायवेवरून रायपूरकडे जाणारे ट्रक रात्रभर थांबत नाहीत. सडक अर्जुनीत आमच्या कानांना त्यांची सवय झाली आहे. त्या आवाजातच आमची घरगुती प्रार्थना चालते. आम्ही ख्रिस्ती घरं मोजकीच. ज्याची पाळी त्याच्या अंगणात सतरंजी पडते, बाजेवर बायबल आणि गीतांचं पुस्तक येतं, लेकरं पुढे बसतात. मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी बाजेवर तिसरंही पुस्तक होतं. ते माझ्या भाचीचं. नववीत गेलेली पोर. भावानं गोंदियाहून तिच्यासाठी ‘हॅरी पॉटर आणि परीस’ आणलं होतं. पानात खुणेला तेंदूचं वाळलेलं पान घालून ती प्रार्थनेला येऊन बसली होती.

पाहुणे म्हणून आलेल्या एका वडीलधाऱ्या ब्रदरनी ते पुस्तक उचललं, मुखपृष्ठ पाहिलं आणि बाजेखाली पालथं ठेवून दिलं. “ताई, लेकराच्या हाती जादूटोणा देऊ नका,” एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता, काळजी होती. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. संडे स्कूल मी घेते, तेव्हा उत्तर मीच द्यायला हवं होतं. मी गप्प बसले. ते गप्प बसणं अजून सलतं, म्हणून हे लिहिते आहे.

त्यांची काळजी मला परकी नाही. आमच्या झाडीपट्टीत जादू हा खेळातला शब्द नाही. लेकरू तापलं, दुभती गाय आटली, भरल्या धानावर रोग पडला, की कुणीतरी हळूच ‘करणी’ म्हणतं. माझ्या आजीच्या दंडावर याच भीतीनं बांधलेला एक ताईत होता. विश्वासात आल्यावर तिनं तो आपल्या हातानं सोडवून चुलीत टाकला. घरच्यांनी ही गोष्ट मला इतक्यांदा सांगितली आहे, की काळ्या दोऱ्याचा जळका वास मला स्वतःला आठवतो असं वाटतं. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या एकोणिसाव्या अध्यायात इफिसच्या लोकांनी आपली मंत्रांची पुस्तकं सगळ्यांदेखत जाळली. त्यांची किंमत चांदीची पन्नास हजार नाणी भरली, असं तिथे लिहिलं आहे. तो अध्याय वाचताना मला आजीची चूलच दिसते. ज्यांच्या घरात एका पिढीमागे भगताचा शब्द शेवटचा होता, त्यांना मुखपृष्ठावरचा जादूगार पाहून धस्स होणारच. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी ती भीती अंगावर काढलेली नसते.

पण इफिसची ती पुस्तकं कसली होती? त्यांत गोष्टी नव्हत्या. अमक्याला वश कसं करावं, तमक्याचं वाटोळं कसं करावं, याच्या त्या वह्या होत्या. त्या वापरण्यासाठी होत्या आणि लोक त्या वापरत होते. ‘अनुवादा’च्या अठराव्या अध्यायातली मनाईही करणाऱ्याला आहे: शकुन पाहणाऱ्याला, मंत्र घालणाऱ्याला, मेलेल्यांना विचारायला जाणाऱ्याला. एन-दोरच्या भूतविद्या जाणणाऱ्या बाईकडे शौल राजा रात्री वेश पालटून गेला, ही गोष्ट तर खुद्द बायबलातच सविस्तर आहे. ती वाचून आमच्या संडे स्कूलचं एकही लेकरू अजून भगताच्या दारी गेलेलं नाही.

गोष्ट आणि खरं यांतला फरक मी पुस्तकातून नाही, आमच्या नाटकांतून शिकले. दिवाळीनंतर धान निघालं की गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. लहानपणी एका नाटकात दैत्य पाहून मी आईच्या पदरात तोंड खुपसलं होतं. सकाळी आम्ही परत निघालो, तेव्हा तो दैत्य बांधीत धानाच्या पुंजण्यापाशी उभा होता. कानामागे निळा रंग तसाच, आणि हातात भारा. “भेली का वो बाई?” असं हसून विचारलं त्यानं. त्या दिवसापासून रंगमंचावरचा कुठलाही दैत्य मला पाहवतो. आणि त्याला पाहून घाबरणं मला आजही आवडतं.

गोष्टींचं काय करायचं, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती माणसाला आजच पडलेला नाही. गोव्यात नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांकडून जुनी पुराणं काढून घेतली गेली, तेव्हा त्यांनी पाद्र्यापुढे गाऱ्हाणं मांडलं: आमची पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातून आलेला जेझुइट. त्यानं हे गाऱ्हाणं ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच नोंदवून ठेवलं आहे. उत्तर म्हणून त्यानं मराठीत सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. १६१६ साली रायतूरला त्या छापल्या गेल्या. मला स्टीफन्सची भाषा आवडते, पण त्याहून मोठं वाटतं ते त्याचं ऐकून घेणं. माणसाला गोष्ट लागते, ती हिसकावली तर तिथे खड्डा पडतो, हे त्याला कळलं होतं. पुढे १८४१ साली हरी केशवजींनी जॉन बन्यनच्या कथेचं ‘यात्रिक क्रमण’ केलं. त्यात राक्षस आहेत, राक्षसाचा किल्ला आहे, खवल्यांच्या अंगाचा सैतानी शत्रू आहे. मराठी ख्रिस्ती घरांतून ते पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं, आणि त्यातल्या राक्षसांना कुणी जादूटोणा म्हटलं नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात नेहमी घोळते. ना. वा. टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसानं त्यांना नवा करार दिला. नागपूरहून राजनांदगावला जाणारी ती लाइन आमच्या गोंदियावरूनच जाते. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी सुरू केलेलं आणि अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आता दुसरी गाडी. १९१६ साली इंग्लंडात सी. एस. लुईस नावाच्या, देव न मानणाऱ्या मुलानं स्टेशनवरच्या पुस्तकांच्या टपरीतून जॉर्ज मॅकडोनल्डची एक अद्भुत कथा विकत घेतली. मॅकडोनल्ड पूर्वी पाळक होता. आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा त्या पुस्तकानं झाला, असं लुईस पुढे सांगत असे. नंतर तो ख्रिस्ती झाला आणि १९५० सालापासून त्यानं मुलांसाठी नार्नियाची सात पुस्तकं लिहिली. टिळकांना गाडीत मिळालेला नवा करार आणि लुईसला स्टेशनवर मिळालेली परीकथा यांची बरोबरी मी करत नाही. पण देव एकाच दारानं येतो, असं मला कुणी सांगितलं तर मी ते मानत नाही.

त्या प्रार्थनेनंतर मी ते पुस्तक बाजेखालून काढलं आणि भाचीला म्हटलं, “मला वाचून दाखव.” आठ-दहा दिवस दुपारी कूलरसमोर बसून तिनं ते वाचून दाखवलं. वीज गेली की अंगणातल्या कडुनिंबाखाली. नावातला परीस पाहून मला आधी संतांची आठवण झाली. लोखंडाचं सोनं करणारा दगड मराठी कानांना नवा नाही. पण शेवटाकडे जिथे तो परीस सापडतो, तिथे मी तिला थांबवलं. तो दगड एका आरशात लपवलेला आहे. ज्याला तो वापरायचा आहे त्याच्या हाती तो येत नाही. ज्याला तो फक्त शोधायचा आहे, स्वतःसाठी वापरायचा नाही, त्याच्याच खिशात येतो.

“आत्या, हे तर शिमोनासारखं झालं,” पोर म्हणाली.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. शोमरोनातला शिमोन जादूगार. प्रेषितांनी हात ठेवताच लोकांना पवित्र आत्मा मिळतो, हे पाहून तो पैसे घेऊन आला, की हे सामर्थ्य मलाही द्या. पेत्रानं त्याला झिडकारलं. कृपा विकत घेऊन वापरता येत नाही. मी हा धडा संडे स्कूलमध्ये कितीदा तरी शिकवला असेन, तक्त्यावर चित्र काढून. पोरीला तो खरा भिडला तो त्या आरशापाशी.

याच मालिकेच्या २००७ साली आलेल्या शेवटच्या भागात हॅरी आपल्या आईवडिलांच्या कबरीपाशी जातो. कबरीच्या दगडावर करिंथकरांस पहिल्या पत्रातलं, मरणाच्या नाशाचं वचन कोरलेलं आहे. तिथवर पोहोचशील तेव्हा मला हाक मार, असं मी तिला सांगून ठेवलं आहे.

सगळंच सगळ्यांनी वाचावं, असं मी म्हणत नाही. मंत्र खरे चालतात म्हणून विकली जाणारी पुस्तकं आमच्या आठवडी बाजारातही मिळतात. ती मी घरात येऊ देणार नाही. सात-आठ वर्षांच्या लेकराला रात्री झोप उडेल असं काही एकट्यानं वाचायला देऊ नये. आणि ज्या घरानं काल-परवाच गंडेदोरे सोडले, तिथे घाई नको. पण मोठी मुलं वाचत असतील तर वाचू द्यावीत आणि आपण शेजारी बसावं, हे माझं ठाम मत आहे.

कारण आमच्या भागात जादूच्या नावानं होणारं पाप पुस्तकातून आलेलं नाही. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला, आणि त्याचा अध्यादेश निघण्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून व्हावा लागला. मंत्रतंत्रानं लुबाडणाऱ्यांसाठी तो कायदा आहे. कुणावर करणीचा आळ घेऊन त्याचं जगणं कठीण करणं, हाही त्यात गुन्हा आहे. आळ घेणाऱ्यांनी कादंबऱ्या वाचलेल्या नसतात. त्यांनी शेजाऱ्याच्या कानात सांगितलेलं ऐकलेलं असतं.

आमच्या वस्तीच्या टोकालाही एक विधवा म्हातारी राहते. तिच्याबद्दल असंच काहीबाही बोललं जातं. मे महिन्यात ती जंगलातून टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, आणते, टोपली घेऊन सावलीत बसते. तिच्या हातचं लेकरांना खाऊ देत नाहीत. प्रार्थनेला येणाऱ्या घरांतसुद्धा नाही. मीही कधी घेतली नव्हती, हे मला कबूल करायला हवं. पुस्तक संपल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी भाची ओढणीत टेंभरं घेऊन घरी आली. साल काढून पिवळा गर मला देत म्हणाली, “आजीनं दिली. पैसे घेत नव्हती, मीच दिले.” गोड होती टेंभरं, थोडी तुरट.

या मे महिन्यात सुट्टीचा बायबल वर्ग माझ्याकडे आहे. रोज शेवटचा एक तास मुलांनी आपल्या आवडीचं गोष्टीचं पुस्तक आणून मोठ्यानं वाचायचं, असं मी मंडळीला विचारून ठरवलं आहे. त्या ब्रदरनाही बोलावणं धाडलं आहे. पहिल्या दिवशी भाची वाचणार आहे, त्या आरशाचं प्रकरण.