सात-बारावर नाव, फडात कोयता

आज खत-फवारणीची नोंद नाही. पण विषय शेतीचाच आहे, शेवटपर्यंत वाचा.

आमच्या बीड जिल्ह्यातून, धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या डोंगरपट्ट्यातून, दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुढं कर्नाटकात बेळगाव. परत यायचं ते पाडव्याच्या आगंमागं. मी आणि घरची असे अकरा हंगाम गेलो.

फडात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असला तर अर्धा कोयता. मुकादमाच्या वहीत उचल माझ्या नावावर. घरची बरोबरीनं तोडायची, मोळ्या बांधायची, डोक्यावरनं गाडीत टाकायची, पण तिचं नाव वहीत कुठंच नाही. पहाटे चारला फडात, दोघांचा मिळून दीड-दोन टन ऊस, रात्री गाडी आली की भरणी. खाडा झाला की पैसे कापले. वार कळत नाही, खेप तेवढी कळते. बागायतदार विचारायचा, "आज किती कोयते आलेत?" आपण गावाकडं तीन एकराचे मालक आहोत, हे तिथं कुणाला माहीत नसतं. आणि खरं सांगतो, माघ लागेपर्यंत आपल्यालाही ते आठवेनासं होतं.

ओळख जाते म्हणजे नेमकं काय जातं, हे मला घरी राहिल्यावर कळलं.

मागच्या दसऱ्याला उचल घेतली नाही. तीन शेळ्या विकल्या. सोयाबीन निघाल्यावर एक एकर हरभरा केला, अर्धा एकर मालदांडी ज्वारी. त्याआधी अकरा वर्षं रब्बीला रान एकतर पडीक, नाहीतर बटईनं. पौषात पहाटे रानात गेलो तेव्हा दिसलं, ओढ्याकडच्या पट्टीत दव जास्त पडतं आणि वरच्या मुरमाड तुकड्यातली ओल लवकर तुटते. वडिलांना हे पाठ होतं. मी त्यांचाच पोरगा, पण माझ्याच रानाचा हिवाळा मी पाहिलेला नव्हता. फडात एकटा माणूस अर्धा कोयता, तसा मी गावात अर्धा शेतकरी झालो होतो, नुसता खरिपाचा.

हरभऱ्यात एकरी दोन कामगंध सापळे लावले. सलग तीन दिवस सापळ्यात आठ-दहा पतंग दिसले की घाटेअळीची फवारणी करा, हा सल्ला चांगला आहे. पण ते पतंग मोजायला रोज सकाळी रानात माणूस पाहिजे ना! मी मोजत होतो. घरची एकदा बांधावर बसून म्हणाली, "थंडीत आपण घरी हाव, हेच मला खरं वाटंना."

फडानं नुसतं घेतलंच, असंही नाही. शेजाऱ्याच्या उसाची तोड चालू होती. त्याला म्हटलं, बुडाला जमिनीलगत तोडून घ्या, साखर तिथंच जास्त, खोडव्याचे फुटवेही जोमदार येतात. आणि पाचट जाळू नका, सरीत ठेवा. त्यानं ऐकलं. अकरा हंगामात हजारो टन ऊस हातातनं गेला, पण असं कुठल्या फडात मला कुणी विचारलं नव्हतं. इथं मी नाव असलेला माणूस होतो, म्हणून माझ्या हाताला माहीत असलेलं कामाला आलं.

आता हिशेब. पैशात बघितलं तर फड वरचढ. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, तेव्हापासून फरक आणखी वाढलाय. हरभरा एकरी सहा क्विंटल झाला. खर्च वजा जाता हातात राहिलं ते उचलीच्या निम्मंही नाही. विकायला आता शेळ्याही नाहीत. येत्या दसऱ्याला काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही.

जे जातात त्यांनी ग्रामसेवकाकडं नोंद करून गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचं ओळखपत्र घ्या, दोघांचंही. कागदावर तरी बाईचं नाव येऊ द्या.

आणि कृषी सहायक, विद्यापीठातले साहेब, तुम्हाला एक विनंती. आमच्या डोंगरपट्ट्यात रब्बीचा सल्ला देताना शेतकरी घरी आहे असं धरून चालू नका. एक एकर रब्बी आणि चार शेळ्या यांवर एक कोयता गावात कसा थांबेल, याचा हिशेब मांडून द्या. आमच्याकडची सीताफळं दसरा-दिवाळीत पिकतात, नेमकी आम्ही निघायच्या वेळेला. ती धरून मांडा. तो हिशेब आम्हाला दसऱ्याच्या आधी पाहिजे, नंतर वाचायला गावात कुणी नसतं.